गेट व्हॉल्व्ह अर्धवट उघडा ठेवून चाललंय, बदलून काय बसवू?

नमस्कार. गोव्यात कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात युटिलिटी (पाणी, वीज वगैरे) बघतो. कूलिंग टॉवरच्या पंपापुढे ३ इंची गेट व्हॉल्व्ह आहे. मध्यंतरी एक मशीन काढलं, पाणी जास्त व्हायला लागलं, तेव्हापासून व्हॉल्व्ह ‘तीन फेरे उघडा’ ठेवायची पद्धत पडलीय. हँडव्हीलवर खडूची खूण आहे. पावसात ती पुसली की प्रत्येक शिफ्टचे तीन फेरे वेगळे!

आता हात लावला तरी व्हॉल्व्ह थरथरताना कळतो. पूर्ण आवळला तरी पाणी थांबत नाही. परवा पुढचा फ्लँज (पाइपचा बोल्टचा जोड) सैल केला आणि नखशिखांत भिजलो. शिवाय पंप बंद केला की एनआरव्हीत (पाणी मागे फिरू न देणारा व्हॉल्व्ह) धाडकन ठोका बसतो. फोरमन म्हणतात, जुनी लाइन आहे, आवाज करणारच. दुकानदार म्हणतो बॉल व्हॉल्व्ह टाका. चवथीला (गणेश चतुर्थीला) प्लांट बंद असेल तेव्हाच काम होईल. काय करू?

प्रतिसाद १
बॉल नको. गेट काय, बॉल काय, दोन्ही पूर्ण उघडायला नाहीतर पूर्ण बंद करायला. अर्धवट ठेवलात तर फटीतून पाणी जोरात घुसतं, पाणी अडवणारी आतली पाचर थरथरते, ती जिथे टेकते ती सीट खरवडली जाते. तुमची झालीच आहे, आवळून उपयोग नाही. पाणी कमीजास्त करायला ग्लोब व्हॉल्व्ह घ्या, अंगावरचा बाण प्रवाहाच्या दिशेने ठेवा. गेटही नवा टाका, पण निव्वळ लाइन पूर्ण बंद करायला. आणि सक्शनचा (पंपात पाणी येतं त्या बाजूचा) व्हॉल्व्ह आवळून पाणी कमी करायचा मोह नको, पंप खराब होईल.

ठोका एनआरव्हीचाच. पंप थांबल्यावर पाणी मागे फिरतं, तोवर झुलती झडप उघडीच असते आणि मग आपटते. स्प्रिंगवाला ड्युअल प्लेट (दोन पाळ्यांचा) एनआरव्ही घ्या, पाणी उलटायच्या आत मिटतो.

खरं तर पंप ढकलतोय आणि तुम्ही अडवताय, वीज फुकट जातेय. व्हीएफडीचं (मोटरचा वेग कमीजास्त करणारं यंत्र) विचारून बघा.

मूळ प्रश्नकर्ता
आभारी आहे दादा. व्हीएफडीचं नाव काढलं तर साहेब पुढच्या बजेटवर ढकलतील, तूर्त ग्लोबच. गेटला लागूनच रिड्यूसर (पाइपचा व्यास बदलणारा तुकडा) आहे, ग्लोब बसवायला जागा नाही. गेट एनआरव्हीच्या पुढे सरकवून गेटच्या जुन्या जागी ग्लोब टाकला तर चालेल?

प्रतिसाद १
चालेल. पण क्लास १५० (दाबाची श्रेणी) मध्ये ३ इंची गेटची लांबी २०३ मिमी, ग्लोबची २४१. पाइप कापावा लागेल, वेल्डरला आताच सांगून ठेवा. चवथीला कोण सापडतोय!