मदत हवी आहे: उपग्रहाच्या कक्षेवरून आइन्स्टाइनला तपासतात ते नेमकं कसं?

नमस्कार मंडळी,

इंदूरला रामबागेत आमच्या गणेशोत्सवात एक संध्याकाळ विज्ञानाची असते. यंदा बोलायचं माझ्या गळ्यात पडलंय. श्रोत्यांत एक निवृत्त इंजिनिअर काका असतात, ते ‘पण हे कळलं कसं?’ विचारल्याशिवाय सोडत नाहीत. म्हणून आधीच इथे विचारून घेते.

१९७६ साली सोडलेला लेजिओस हा उपग्रह म्हणजे ६० सेंटीमीटर व्यासाचा, ४०० किलोंहून जड गोळा. आत पितळ, अंगभर ४२६ परावर्तक; ना इंजिन, ना बॅटरी. जमिनीवरून लेझर सोडायचा आणि तो परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढायचं. आइन्स्टाइनच्या सामान्य सापेक्षतेनुसार पृथ्वी फिरताना अवकाशालाही किंचित ओढते, त्यामुळे या गोळ्याच्या कक्षेचं प्रतल वर्षाला सुमारे ३१ मिलिआर्कसेकंद (एक मिलिआर्कसेकंद म्हणजे अंशाचा छत्तीस लाखावा भाग) सरकतं. त्या उंचीवर हे जेमतेम दोन मीटर! चर्न-सायमन्ससारख्या गुरुत्वाकर्षणाच्या पर्यायी सिद्धांतांत हा आकडा वेगळा येऊ शकतो, म्हणून एवढी मोजामोज.

माझं घोडं अडलंय पुढे. पृथ्वी मध्यावर फुगलेली, त्यामुळे तेच प्रतल वर्षाला जवळजवळ १२६ अंश फिरतं, म्हणजे हव्या त्या परिणामाच्या साधारण दीड कोटी पट. हा वाटा वजा करायला पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण मोजणाऱ्या ग्रेस उपग्रहांवरून केलेलं मॉडेल वापरतात. पण त्यातही आइन्स्टाइन गृहीत धरलेलाच असणार ना? मग आपणच ठेवलेलं आपणच शोधून काढतोय असं नाही का होत? काका इथेच पकडणार.

शिवाय, मॉन्ड (अगदी क्षीण त्वरणाला गुरुत्वाचा नियम बदलतो असं मानणारा सिद्धांत) यात तपासता येतो का?

प्रतिसाद

ताई, शंका रास्त आहे. लेजिओसवरून ही ओढ मोजल्याच्या २००४ च्या निकालात चूक १० टक्क्यांच्या आसपास सांगितली होती, ती फार कमी धरली म्हणून बरीच टीका झाली. पण २०२२ च्या जुलैत गेलेला लारेस-२ हा तसाच परावर्तकांचा गोळा बघा. उंची लेजिओसएवढीच, सुमारे ५९०० किमी. कक्षेचा विषुववृत्ताशी कल ७०.१६ अंश, लेजिओसचा १०९.८४, बेरीज बरोबर १८०. फुगवट्यामुळे एकाचं प्रतल पूर्वेकडे सरकतं, दुसऱ्याचं तेवढंच पश्चिमेकडे. अवकाशाची ओढ मात्र दोघांना पूर्वेकडेच नेते. दोन्ही मिळवा: फुगवटा उडाला, ओढ दुप्पट उरली. मग मॉडेल कुणाचं घेतलं याने फारसं बिघडत नाही. काकांना फळ्यावर दोन तिरक्या कक्षा काढून दाखवा, बोलायची गरज पडणार नाही.

मॉन्ड इथे नको. त्याचा प्रभाव सेकंदवर्गाला १.२ × १०⁻¹⁰ मीटरच्या आसपासच्या त्वरणाला दिसायला लागतो. लेजिओसचं त्वरण त्याच एककात २.६ च्या घरात, म्हणजे कितीतरी पट जास्त आहे.

धागाकर्ती

फळ्याची युक्ती घेतलीच! आता युकावा प्रकारच्या जादा बलाचं (गुरुत्वात भर घालणारं, पण अंतरासोबत झपाट्याने विरणारं काल्पनिक बल) सांगा. त्यासाठी उपभू बिंदूचं (कक्षेतला पृथ्वीच्या सर्वांत जवळचा बिंदू) सरकणं बघतात असं वाचलं. पण लेजिओसची उत्केंद्रता (कक्षा किती लांबट आहे त्याचं माप) ०.००४५, कक्षा जवळजवळ गोलच. मग उपभू ठरवतात कसा? आणि उन्हाने तापलेला गोळा उष्णता बाहेर टाकताना स्वतःलाच बारीकसा धक्का देतो, तो हिशेबातून कसा काढतात? सोप्या मराठीत कुणी समजावेल का?