१९२४ ची एव्हरेस्ट फिल्म शूट कशी केली असेल?

गिरीभ्रमर: काल कॅप्टन जॉन नोएलची मूकफिल्म बघितली, मॅलरी आणि अर्विन हे गिर्यारोहक परत आले नाहीत त्याच मोहिमेची. एवढ्या थंडीत कॅमेरा चालवला कसा आणि रिळं धुतली कुठे, कुणाला माहितीये का?

रीळवेडा: मोठी टेलिफोटो लेन्स लावून मैलभर लांबून शूट केलंय, म्हणून माणसं मुंगीएवढी दिसतात. रिळं हरकारे दार्जिलिंगला न्यायचे, तिथे त्याने लॅबच उभारली होती. आणि फिल्मचे हक्क त्याने आधीच ८,००० पौंडांना घेतले होते, म्हणजे मोहिमेचा बराचसा खर्च सिनेमानेच उचलला म्हणा ना.

वाटसरू: बर्फावर ब्लँकेटांचा क्रॉस मांडलाय ना, तोच दोघं गेल्याचा इशारा. पण पुढचं लफडं कुणी सांगत नाही, लंडनला शोआधी तिबेटी लामांना स्टेजवर नाचवलं, तिबेट सरकार भडकलं आणि पुढची ब्रिटिश मोहीम थेट १९३३ ला. चूक नोएलचीच असं माझं मत.

गिरीभ्रमर: अरे बापरे, लामांचं माहीतच नव्हतं! अजून काय बघू?

रीळवेडा: फोटोग्राफर फ्रँक हर्लीचं अंटार्क्टिकाचं काम बघ. पठ्ठ्याने तिथल्या मोहिमेचा म्होरक्या शॅकल्टनच्या मोडत चाललेल्या जहाजात, बर्फाळ पाण्यात उतरून काचेच्या निगेटिव्ह बाहेर काढल्या, आणि नंतर वजन नको म्हणून त्यातल्याच शेकडो काचा फोडून टाकल्या.