४०० यार्डांवरचा प्राँगहॉर्न: आधी काडतूस की आधी वारा?

चर्चाप्रस्ताव

अमेरिकेतल्या वायोमिंगमध्ये प्राँगहॉर्नच्या शिकारीचा हंगाम जवळ आला की नव्या शिकाऱ्यांचा काडतुसाबद्दलचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: .२४३ विंचेस्टर पुरेल, की ६.५ क्रीडमूर घ्यावे? या प्रश्नावर लोक महिनोन्महिने घालवतात आणि वाऱ्याचा विचार थेट माळावर पोटावर पडल्यावर सुरू करतात. हा क्रम उलटा हवा, असे माझे मत आहे.

प्राँगहॉर्न (ज्याला सगळे अँटिलोप म्हणतात, पण शास्त्राच्या हिशेबाने जो खरा अँटिलोप नाही) हा थोराड प्राणी नव्हे. भरलेला नर साधारण ५० ते ६० किलोंचा असतो आणि त्याची कातडी पातळ असते. १९२५ पासून चालत आलेले .२७० विंचेस्टर, १९५५ मधले .२४३, १९६९ मध्ये रेमिंग्टनने कारखान्यात बनवायला घेतलेले .२५-०६ किंवा अलीकडचे ६.५ क्रीडमूर, यांपैकी कोणत्याही काडतुसाची फुलणारी गोळी छातीत नेमकी बसली, तर सावज फार लांब जात नाही.

प्रश्न ‘नेमकी बसली तर’ याच शब्दांत आहे. ताशी १० मैलांच्या आडव्या वाऱ्यात, समुद्रसपाटीच्या हवेत, क्रीडमूरची १४३ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे एकक) निमुळती गोळी ४०० यार्डांवर सुमारे ९ इंच सरकते आणि .२४३ ची नेहमीची १०० ग्रेनची गोळी सुमारे १३ इंच. फुप्फुसे आणि हृदय मिळून ८ इंचांचे वर्तुळ धरले, तर मध्यापासून दोन्ही बाजूंना ४ इंचांचीच मोकळीक उरते. आता १० मैलांचा धरलेला वारा प्रत्यक्षात १५ मैलांचा निघाला, तर क्रीडमूरची गोळी साडेचार इंचांहून थोडी अधिक चुकते आणि .२४३ ची पावणेसात इंच. दोन्ही गोळ्या वर्तुळाबाहेर!

हे मी कागदावर शिकलो नाही. एका टेकाडाआड पडलो होतो, कोपराजवळचे वाळके गवत हलत नव्हते आणि हातातला वायुवेगमापक जवळजवळ शून्य दाखवत होता. मी नेम सरळ खांद्यामागे धरला, आणि धूळ उडाली ती नराच्या छातीच्या हातभर पुढे. मधे एक रुंद घळ होती आणि तिच्यातून वारा नळीतून वाहावा तसा वाहत होता. नर पळाला, जखमी झाला नाही, यात माझे कर्तृत्व काही नाही. त्या दिवशी हातात कोणते काडतूस होते, हे मी मुद्दाम सांगत नाही, कारण कोणतेही असते तरी निकाल तोच लागला असता.

प्रतिसाद १

आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष पटला नाही. तुमचीच मोकळीक उलट दिशेने मोजून पाहा. ४०० यार्डांवर वर्तुळात राहण्यासाठी .२४३ वाल्याला वाऱ्याचा अंदाज ताशी ३ मैलांच्या आत बरोबर आणावा लागतो, तर क्रीडमूरवाल्याला चार मैलांहून किंचित जास्त सूट मिळते. दीड मैलापेक्षाही कमी असलेला हा फरक ऐकायला किरकोळ वाटेल, पण सरावलेल्या माणसाची चूक बहुतेक वेळा याच तीन-चार मैलांच्या पट्ट्यात पडते. तुमच्या उदाहरणातली चूक पाच मैलांची होती म्हणून दोन्ही गोळ्या बाहेर गेल्या. साडेतीन मैलांची असती तर एक आत असती आणि दुसरी बाहेर, आणि बाहेर म्हणजे कदाचित पोटात.

शिवाय ‘वेगवान गोळीला वारा कमी लागतो’ हा समज इथे अप्रत्यक्षपणे डोकावतो आहे, तोही खोडून काढायला हवा. .२४३ ची गोळी नळीतून सेकंदाला २,९६० फूट वेगाने निघते, क्रीडमूरची २,७०० फूट वेगाने, आणि ४०० यार्डांवर .२४३ ची गोळी आधी पोचतेसुद्धा: ०.४८ सेकंदांत, तर दुसरी ०.५० सेकंदांत. तरीही आधी पोचणारी गोळीच जास्त सरकते. कारण सरकणे हे गोळी किती वेळ हवेत होती यावर ठरत नाही, तर हवेच्या रोधामुळे तिला किती उशीर झाला यावर ठरते. सुरुवातीचा वेग कायम राहिला असता तर जो वेळ लागला असता, त्यापेक्षा .२४३ ला सुमारे ०.०७६ सेकंद जास्त लागतात आणि क्रीडमूरला ०.०५३. या उशिराला वाऱ्याच्या वेगाने गुणा, तुमचे १३ आणि ९ इंच तिथूनच आलेले आहेत. म्हणून काडतूस निवडताना खोक्यावरचा वेग पाहण्यापेक्षा गोळीचा बॅलिस्टिक कोएफिशंट (गोळी हवेचा रोध किती चांगला भेदते याचा आकडा) पाहावा, आणि जुन्या .२४३ मध्ये लांबट गोळी भरण्याआधी नळीचे आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या खाचा) पाहावेत. दहा इंचांत एक फेरा देणारी नळी लांब, जड गोळीला पुरेशी फिरकी देत नाही.

प्रतिसाद २

एक छोटी दुरुस्ती. आपण दोघेही समुद्रसपाटीच्या हवेत भांडत आहात आणि प्राँगहॉर्न तिथे राहत नाही. वायोमिंगमधल्या लॅरामी गावाच्या आसपासचा माळ ७,००० फुटांच्या वर आहे. तिथली हवा विरळ असल्याने वरचे सगळे आकडे साधारण एक पंचमांशाने कमी होतात. ९ चे ७ होतात, १३ चे साडेदहा. खोक्यावरचा तक्ता पाठ करून माळावर जाणारा माणूस वाऱ्यासाठी गरजेपेक्षा जास्त सरकवून नेम धरतो आणि दोष वाऱ्याला देतो.

प्रतिसाद ३

मग ७ मिमी रेमिंग्टन मॅग्नम घेऊन वाद मिटवा की! जड, निमुळती गोळी आणि वर भरपूर वेग.

प्रतिसाद १ च्या लेखकाकडून

मिटत नाही. मॅग्नमच्या धक्क्याने दुर्बिणीतून सावज दिसेनासे होते आणि आपली गोळी कुठे पडली हे आपल्यालाच कळत नाही. पहिल्या गोळीची धूळ दिसणे हा वाऱ्याबद्दलचा सर्वांत खात्रीचा पुरावा असतो, तो मी तरी हातचा घालवणार नाही. धक्क्याच्या धास्तीने चाप ओढताना डोळे मिटतात, तो भाग वेगळाच.

प्रतिसाद ४

मी मूळ प्रस्तावाच्या बाजूने आहे, पण त्यातल्या वायुवेगमापकावरच्या विश्वासाच्या विरोधात. ते यंत्र फक्त तुमच्या हाताजवळची हवा सांगते. नळीजवळच्या वाऱ्याला महत्त्व आहेच, कारण तिथे मिळालेला तिरपेपणा गोळी शेवटपर्यंत सोबत नेते, पण टेकाडाआड दडलेली हवा ही गोळीच्या वाटेवरची हवा नव्हे. सेजब्रशची झुडपेही फसवतात. त्यांच्या फांद्या इतक्या ताठ असतात की बऱ्यापैकी वाऱ्यातही ती स्तब्ध दिसतात. पाहायचे ते त्यांच्यामधले गवत.

माझा भर मृगजळावर असतो. स्पॉटिंग स्कोपचा (लांबचे पाहण्याच्या दुर्बिणीचा) फोकस सावजाच्या थोडा अलीकडे आणला की तापलेल्या जमिनीवरच्या हवेच्या लहरी दिसू लागतात. त्या उकळल्यासारख्या सरळ वर जात असतील तर आडवा वारा नाही, तिरप्या धावत असतील तर हलका आहे, आणि जमिनीला चिकटून सपाट पळू लागल्या की वारा एवढा वाढलेला असतो की त्यापुढे मृगजळ काहीच सांगू शकत नाही. ढगाळ, थंड सकाळी हे साधन मिळत नाही, हेही कबूल.

आणि नाकासमोरचा वारा! नवखा शिकारी त्याला निरुपद्रवी समजतो. ताशी २० मैलांचा वारा समोरून येत असेल आणि त्याची दिशा डावी-उजवीकडे केवळ १५ अंशांनी झुलत असेल, तर त्याचा आडवा भाग कधी डावीकडून ५ मैल, कधी उजवीकडून ५ मैल असा पालटतो. अशा वाऱ्यापेक्षा मला १० मैलांचा स्थिर आडवा वारा परवडतो. तसेच नेमाच्या रेषेशी ४५ अंशांच्या वाऱ्याला ‘अर्धा’ धरण्याची सवय मोडावी; तो अर्धा नसतो, ०.७ असतो. अर्धा असतो ३० अंशांचा.

प्रतिसाद ५

इतके सगळे वाचल्यावर मला प्रश्न पडतो की ४०० यार्ड हे अंतर कोणी ठरवले? १८८७ मध्ये स्थापन झालेला बून अँड क्रॉकेट क्लब हा अमेरिकेतला शिकाऱ्यांचा जुना क्लबसुद्धा लांब पल्ल्याच्या नेमबाजीकडे शिकार म्हणून साशंकतेनेच पाहतो, कारण ज्या अंतरावरून सावजाला माणसाची चाहूलच लागू शकत नाही, तिथे त्याला सुटण्याची संधी कुठली? तेही बाजूला ठेवा. ५०० यार्डांवर क्रीडमूरच्या गोळीला ०.६४ सेकंद लागतात, आणि चरणारा प्राँगहॉर्न तेवढ्यात एक पाऊल सहज पुढे टाकतो. ती चूक ना काडतूस भरून काढते, ना वाऱ्याची पारख. ३०० यार्डांवर आलात तर मात्र .२४३ वाल्यालाही वाऱ्याच्या अंदाजात साडेपाच मैलांची सूट मिळते, म्हणजे ४०० यार्डांवरच्या क्रीडमूरवाल्यापेक्षा जास्त. शंभर यार्ड गुडघे आणि कोपरांवर सरपटण्याची तयारी हवी. निवडुंगाचे काटे काढायला चिमटा सोबत ठेवावा, हे अनुभवाने सांगतो.

प्रस्तावकाचे उत्तर

प्रतिसाद १ चा तीन आणि चार मैलांचा हिशेब मला खोडता येत नाही, तो मान्य. फक्त त्याचा अर्थ मी वेगळा लावतो. काडतूस मला साधारण दीड मैलाची सूट देते, आणि जवळ जाणे त्याहून जास्त देते, तेही हातात आहे त्याच रायफलवर. प्रतिसाद ५ शी पूर्ण सहमत होता येत नाही, कारण काही माळ ताटासारखे सपाट असतात आणि तिथे सरपटणारा माणूस प्राँगहॉर्नला अर्ध्या मैलावरून दिसतो. अशा ठिकाणी ४०० यार्डांचा प्रश्न टळत नाही.

वायुवेगमापकावर माझा विश्वास होता, हे खरेच आहे. त्या घळीच्या काठावर वाळक्या गवताचा एक पट्टा पूर्ण आडवा झालेला होता, तो मला गोळी सुटल्यानंतर दुर्बिणीतून दिसला.