गल्लोगल्ली कॅमेरे मागण्याआधी गुन्ह्यांचा नकाशा काढा

उंबरठा

'गुन्हेगारी हाताबाहेर गेली आहे, आता गल्लोगल्ली कॅमेरे आणि दुप्पट गस्त, दुसरा उपाय नाही' हे दक्ष_नागरिक यांचं लिखाण वाचलं. तळमळ खरी आहे, पण मांडणी पायापासून चुकली आहे, म्हणून सविस्तर उत्तर.

आधी आकड्यांचं बघू. नोंदलेले गुन्हे वेगळे आणि घडलेले गुन्हे वेगळे. घरबसल्या तक्रार करायची सोय झाली की एकही चोरी न वाढता नोंदी वाढतात. उलट तक्रार घ्यायलाच टाळाटाळ सुरू झाली की कागदावर शहर शांत दिसतं. म्हणून तर अमेरिकेत १९७३ पासून आणि ब्रिटनमध्ये १९८२ पासून लोकांनाच थेट विचारतात की गेल्या काही महिन्यांत तुमच्या बाबतीत काय घडलं आणि त्यातलं पोलिसांना किती कळवलंत. आपल्या हातात फक्त नोंदी असतील तर पहिल्यांदा खून आणि वाहनचोरी हे दोन रकाने बघावेत. खून सहसा लपत नाही आणि गाडीच्या विम्यासाठी नोंद लागतेच. हे दोन्ही जागच्या जागी असतील आणि किरकोळ चोऱ्या, धमक्या तेवढ्या फुगल्या असतील, तर गुन्ह्यांपेक्षा नोंदवण्याची पद्धत बदलल्याची शक्यता जास्त.

आता दुप्पट गस्त. हे करून झालेलं आहे. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत १९७२-७३ मध्ये १५ बीटचे, म्हणजे गस्तीसाठी आखलेल्या भागांचे, तीन गट केले. एका गटात गाडीची गस्त पूर्ण बंद, बोलावलं तरच पोलीस यायचे. दुसऱ्यात नेहमीची गस्त. तिसऱ्यात दुप्पट-तिप्पट. वर्षभराने गुन्ह्यांत म्हणण्यासारखा फरक नव्हता, लोकांच्या भीतीतही नव्हता. अमेरिकेतल्याच मिनियापोलिसमध्ये एका वर्षाचे पोलिसांना आलेले फोन तपासले, तर निम्मे फोन जेमतेम ३ टक्के पत्त्यांवरून आलेले. गस्त सगळीकडे सारखी पसरणं म्हणजे साप समजून भुई धोपटणं.

म्हणून पहिला पैसा आणि पहिला माणूस जिथे एकदा घडलं तिथे जावा. इंग्लंडमध्ये रॉचडेलच्या किर्कहोल्ट वस्तीत १९८० च्या दशकात हेच केलं. फोडलेल्या घराची कुलपं लगेच बदलली, नाण्यांवर चालणारे गॅस-विजेचे मीटर काढले, कारण चोर त्यातलीच रोकड पळवत, आणि आजूबाजूच्या पाच-सहा घरांना त्या एका घरावर लक्ष ठेवायला सांगितलं. पहिल्या पाच महिन्यांतच घरफोड्या आधीच्या ४० टक्क्यांवर आल्या. एकाही कॅमेऱ्याशिवाय.

दक्ष_नागरिक

माझ्याच लिखाणावर आहे, म्हणून उत्तर देणं भाग आहे. तुम्ही पन्नास वर्षांपूर्वीचे दाखले देता. तेव्हाचे कॅमेरे आणि आताचे यांत काही फरक आहे की नाही? चाळीस वर्षांतल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१९ मध्ये आला, त्यात कॅमेरे असलेल्या जागी गुन्हे सरासरी १३ टक्क्यांनी कमी निघाले. वाहनतळांत तर त्याहून खूपच जास्त. ब्रिटनच्या रेल्वे पोलिसांच्या २०११ ते २०१५ च्या प्रकरणांत जिथे चित्रण हाती होतं, तिथे ६५ टक्के वेळा ते तपासाला उपयोगी पडलं. हे तुमच्या हिशेबात कुठे बसतं?

आणि भीतीचं काय? संध्याकाळनंतर म्हातारी माणसं बाहेर पडत नाहीत, त्यांना 'आकडा स्थिर आहे' सांगून समाधान होणार आहे का?

फोकस

दक्ष_नागरिक, तुमचे दोन्ही आकडे बरोबर आहेत, पण 'जिथे चित्रण हाती होतं' हे चार शब्द पुन्हा वाचा. स्थानकात कॅमेरे ठरावीक उंचीवर, ठरावीक प्रकाशात, देखभालीचा माणूस ठेवून लावलेले असतात. गल्लीत काय होतं ते लिहितो.

अनोळखी माणसाचा चेहरा ओळखायचा तर त्याच्या अंतरावर दर मीटरला साधारण २५० पिक्सेल लागतात. ४ मेगापिक्सेलच्या चित्राची रुंदी २५६० पिक्सेल, म्हणजे सव्वादहा मीटर रुंदीपर्यंतच चेहरा मिळणार. त्यावर सर्रास लावतात ती २.८ मिलिमीटरची रुंद भिंग, जी सुमारे १०० अंश पाहते. हिशेब केला तर चेहरा मिळतो तो कॅमेऱ्यापासून चार-सव्वाचार मीटरपर्यंत. त्यापुढे 'एक इसम, गडद शर्ट'. आणि तो कॅमेरा पाच-सहा मीटर उंच खांबावर असला तर टोपीचा शेंडा दिसतो, चेहरा नाही.

मग साठवण. ४ मेगाबिट प्रतिसेकंदाने एक कॅमेरा दिवसाला ४३ जीबी भरतो. १६ कॅमेरे म्हणजे सुमारे ६९० जीबी. ८ टीबीच्या हार्डडिस्कवर साडेअकरा दिवस राहतं, बाराव्या दिवशी जुन्यावर नवं चढतं. तक्रार, पत्र, परवानगी करत माणूस पंधराव्या दिवशी येतो. डीव्हीआरचं, म्हणजे चित्रण साठवणाऱ्या यंत्राचं, घड्याळ दहा मिनिटं पुढे गेलेलं असतं, त्यामुळे दोन कॅमेऱ्यांतला माणूस एकच आहे हे वेळेवरून जुळत नाही. वेळ नेटवरून आपोआप जुळवण्याची सोय जवळपास प्रत्येक यंत्रात असते, चालू कोणी करत नाही. हे सगळं मग वरातीमागून घोडं होतं.

सांजवात

सगळी चर्चा रस्त्याची चालली आहे. सर्वात जास्त वेळा पुन्हा पुन्हा त्याच माणसावर होणारा गुन्हा घरात होतो. उंबरठा, 'जिथे एकदा घडलं तिथे आधी जा' हे तत्त्व घरातल्या मारहाणीला जितकं लागू आहे तितकं घरफोडीलाही नाही. त्याचा एक शब्द तुमच्या लेखात नाही. दार आतून फोडलं जात असतं तेव्हा बाहेरच्या कुलपाचा काय उपयोग? एकाच पत्त्यावरून दुसऱ्यांदा फोन आला की तो नव्या नोंदीसारखा न घेता आधीच्या नोंदीला जोडला गेला पाहिजे, येणाऱ्या माणसाला आधी काय झालं होतं ते वाटेतच कळलं पाहिजे, आणि दोघांशी वेगवेगळ्या खोलीत बोललं पाहिजे. सुरक्षेच्या प्राधान्यक्रमात हे पहिलं यावं.

उंबरठा

सांजवात, मान्य. लिहायला हवं होतं.

लक्समीटर

कॅमेरे आणि गस्त यांवर भांडताय, प्रकाशावर कोणी बोलत नाही. न्यूयॉर्कमध्ये २०१६ साली सरकारी वसाहतींत चिठ्ठ्या टाकून काही ठिकाणी जादा दिवे लावले, काही ठिकाणी नाही. दिवे लागले तिथे रात्री उघड्यावर होणारे गंभीर गुन्हे सुमारे ३६ टक्क्यांनी कमी झाले. कॅमेऱ्याच्या १३ शी ताडून पाहा.

दक्ष_नागरिक

दिवे तर हवेतच. आहेत त्यांची क्षमता दुप्पट करा, मोठे फ्लडलाइट लावा, हे मी पहिल्यापासून म्हणतोय.

लक्समीटर

नाही! हे तर उलटं होईल. दिव्याखाली अंधार ही म्हण नुसती म्हण नाही. आठ मीटरच्या खांबावर जळजळीत दिवा लावला आणि खांबांत चाळीस मीटर अंतर ठेवलं, तर खांबाखाली लख्ख आणि मध्ये खड्डा पडतो. डोळा लख्ख उजेडाला सरावतो, आणि त्याच माणसाला मधल्या काळोखात उभा असलेला दिसत नाही. पूर्ण काळोखाला सरावायला डोळ्याला वीस-तीस मिनिटं लागतात, चालणाऱ्याला तो खड्डा ओलांडायला अर्धा मिनिट लागतो. सरासरी १० लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) आणि सर्वात अंधाऱ्या जागी अर्धा लक्स, यापेक्षा सरासरी ६ आणि किमान २ कधीही चांगलं.

फ्लडलाइट भिंतीवरून आडवा तिरपा लावतात. तो समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो आणि दिव्यामागे उभा असलेला माणूस अदृश्य होतो. तोंड जमिनीकडे हवं, वरचा भाग झाकलेला हवा. जुन्या पिवळ्या सोडियम दिव्यात लाल, तपकिरी, काळं एकसारखं दिसतं, साक्षीदार कपड्याचा रंग सांगू शकत नाही. आणि झाडं! दिवा पानांच्या वर आणि रस्ता पानांच्या खाली. झाड तोडायची गरज नसते, दिव्याखालच्या फांद्या वर्षातून दोनदा छाटल्या किंवा खांबाला आडवा दांडा लावून दिवा खाली घेतला तरी काम होतं.

गस्तकरी

लक्समीटर, ३६ टक्क्यांवर सगळा डोलारा उभा करू नका. न्यूयॉर्कमध्ये वसाहतींच्या आवारात मनोऱ्यासारखे प्रखर तात्पुरते दिवे उभे केले होते, नेहमीचे रस्त्यावरचे खांब नव्हते. तुम्ही ज्याला विरोध करताय तेच ते. आणि इंग्लंड-वेल्समधल्या ६२ स्थानिक संस्थांचा अभ्यास २०१५ मध्ये आला, त्यात मध्यरात्रीनंतर दिवे बंद किंवा मंद केल्याने गुन्हे वाढल्याचा पुरावा मिळाला नाही. तुमच्या म्हणण्याने तिथे हाहाकार व्हायला हवा होता.

लक्समीटर

मनोऱ्यांबाबत तुमचं बरोबर आहे, ते प्रखरच होते. पण वसाहतीचं मोकळं आवार आणि अरुंद गल्ली यांत फरक आहे. आवारात प्रकाश उंचावरून सगळीकडे पसरतो, गल्लीत भिंतींची सावली पडते. इंग्लंडच्या अभ्यासाबद्दल एवढंच की रात्री दोन वाजता ज्या रस्त्यावर कोणी नसतंच, तिथे दिवा असून नसून काय फरक पडणार? प्रश्न संध्याकाळी सात ते अकराचा आहे, रस्त्यावर माणसं असतात तेव्हाचा.

गस्तकरी

मग तसं आधी म्हणा. 'दिवे लावा' म्हणजे काहीच म्हटलं नाही. कोणत्या वेळी, कोणत्या कोपऱ्यावर, हे नकाशाशिवाय कळत नाही, म्हणजे आपण उंबरठाच्याच मुद्द्याशी येतो.

फोकस

एक जोडतो, कारण प्रकाश आणि कॅमेरा वेगळे नाहीत. इन्फ्रारेडवर, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांवर, चालणारा कॅमेरा भिंतीला चिकटून लावला की भिंतीवरून परतलेल्या किरणांनी चित्र पांढरं होतं. कोळ्याचं जाळंही तेच करतं, महिन्यातून एकदा कोरड्या ब्रशने साफ करावं लागतं. तिथेच बरा पांढरा प्रकाश असला तर कॅमेरा रात्रीही रंगीत राहतो.

दक्ष_नागरिक

मी एक साधी मागणी केली आणि तुम्ही मला लक्स शिकवताय. गस्तीचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही. पोलीस दिसलाच नाही तर लोकांना सुरक्षित वाटणार कसं?

गस्तकरी

देतो. गाडीतली गस्त आणि पायी गस्त एकत्र मोजू नका. अमेरिकेतल्या नेवार्कमध्ये १९७० च्या दशकाअखेर पायी गस्त लावली तेव्हा गुन्हे फारसे कमी झाले नाहीत, पण भीती कमी झाली. म्हातारी माणसं बाहेर पडत नाहीत हा तुमचा मुद्दा होता, त्याला हेच उत्तर आहे. फिलाडेल्फियात २००९ च्या उन्हाळ्यात ६० कोपरे नकाशावरून निवडून पायी पोलीस ठेवले, तेव्हा हिंसक गुन्हेही २३ टक्क्यांनी कमी झाले. फरक निवडीत आहे. आणि एका कोपऱ्यावर दिवसभर उभं राहायची गरज नाही. दहा ते पंधरा मिनिटं थांबायचं, लोकांशी बोलायचं, पुढच्या कोपऱ्यावर जायचं, वेळ ठरावीक ठेवायची नाही. पंधरा मिनिटांपेक्षा जास्त थांबून फायदा वाढत नाही. पण फिलाडेल्फियात गस्त काढल्यावर परिणामही ओसरला, हेही सांगायला हवं.

दक्ष_नागरिक

म्हणजे चोर शेजारच्या गल्लीत जाणार. एक कोपरा वाचवून दुसरा बुडवायचा.

उंबरठा

ही शंका रास्त आहे, पण ती तपासलेली आहे. २००९ मध्ये १०२ मूल्यमापनं एकत्र पाहिली, त्यात गुन्हे सरकल्याचं सुमारे २६ टक्के निरीक्षणांत दिसलं आणि शेजारीही फायदा झाल्याचं २७ टक्क्यांत. त्यामुळे शेजारच्या गल्लीचे आकडे पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवायचे, नंतर वाद नको.

नांगरट

पडीक जागांबद्दल कोणी बोलत नाही याचं वाईट वाटतं. फिलाडेल्फियातच ५४१ पडीक भूखंडांत चिठ्ठ्या टाकून काहींवर काम केलं, काही तसेच ठेवले. कचरा उचलला, जमीन सपाट केली, गवत आणि थोडी झाडं लावली, ये-जा करता येईल अशी कमरेइतकी लाकडी कुंपणं घातली. गरीब वस्त्यांत त्या भागातला बंदुकीचा हिंसाचार २९ टक्क्यांनी कमी झाला. उंच भिंत बांधली तर उलट आत लपायला जागा मिळते. मेख देखभालीत आहे. गवताच्या हंगामात दोन आठवडे कापणी चुकली की जागा पुन्हा पडीक दिसते.

दक्ष_नागरिक

ठीक. नकाशा आधी काढायचा, हे मानतो. नाइलाजाने मानतो, कारण नकाशा काढण्यात सहा महिने गेले तर त्या सहा महिन्यांत ज्यांची घरं फुटतील त्यांना काय सांगायचं?

उंबरठा

सहा महिने लागत नाहीत. गेल्या बारा महिन्यांच्या नोंदींतून प्रकार, पत्ता, वार आणि तास एवढे चार रकाने घ्या. घरफोडीची नेमकी वेळ कळत नाही, म्हणून 'घर शेवटचं बंद केलं' आणि 'उघडं सापडलं' अशा दोन वेळा लिहा, एक अंदाज लिहिलात तर सगळा नकाशा चुकतो. हे एका आठवड्याचं काम आहे.

आणि नकाशाची वाट न पाहता करायचं ते असं. घरफोडी झाली की २४ तासांत कोणीतरी त्या घरी जावं, आणि पुढचे दोन आठवडे २०० मीटरच्या आतल्या घरांना सावध करावं. पाच देशांतल्या नोंदींत याच टापूत, याच काळात धोका वाढलेला दिसला आहे. बघायचं काय, तर दाराच्या चौकटीतली, कुलपाची जीभ जिच्यात शिरते ती लोखंडी पट्टी वीस मिलिमीटरच्या स्क्रूंवर बसवली आहे का. असेल तर ७५ मिलिमीटरचे स्क्रू लावून पट्टी लाकडातून मागच्या भिंतीपर्यंत धरवायची, नाहीतर एका लाथेत चौकट चिरते आणि भारी कुलूप तसंच बंद राहतं. कुलपाचं सिलिंडर, म्हणजे किल्ली घालायचा भाग, दाराबाहेर ३ मिलिमीटरपेक्षा जास्त आलेलं असेल तर पान्याने धरून मोडता येतं, तेही बदलायचं.

फोकस

दक्ष_नागरिक, सहा कॅमेऱ्यांची तरतूद असेल तर ते सहा गल्ल्यांत वाटू नका. वस्तीत यायच्या-जायच्या दोन वाटा निवडा. प्रत्येक वाटेवर एक चेहऱ्यासाठी, अडीच मीटर उंचीवर, अरुंद भिंगेचा. एक नंबरप्लेटसाठी, शटर १/५०० सेकंद किंवा त्याहून जलद, गाडीच्या दिशेशी ३० अंशांच्या आत. तिसरा नुसता आढावा घ्यायला. आणि घड्याळ आजच जुळवून घ्या.

दक्ष_नागरिक

अडीच मीटरवर लावला तर कोणीही काठीने फिरवेल.

फोकस

फिरवेल. म्हणून तिसरा कॅमेरा पहिल्या दोघांकडे तोंड करून लावायचा.