नववीच्या पोरांना ‘वाक्य टाकायला’ शिकवावं का?

खडूफळा:
तालुक्याच्या गावात आठवी-नववीला मराठी शिकवतो. मागच्या आठवड्यात नववीत वादविवाद घेतला. विषय फिरून फिरून गुळगुळीत झालेलाच: शाळेत मोबाइल आणू द्यावा का. विरोधी बाजूचा एक पोरगा उठला, हात उंचावला आणि म्हणाला, “मोबाइल म्हणजे खिशात पाळलेला साप!” वर्गाने बाकं बडवली. मग एक मुलगी उठली. तिने सरळ सांगितलं, आमच्या वाडीला शेवटची एसटी साडेपाचला आहे, जादा तास झाला की ती चुकते, ऑफिसातला फोन तोवर कुलपात गेलेला असतो, मग घरी कळवायचं कसं? कुणी हूं की चूं केलं नाही. हात वर करून मतं मोजली. साप जिंकला.

तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. आपण अलंकार शिकवतो ते उपमेय-उपमान शोधण्यापुरते. पोरं ‘सम, परी, जणू’ बघतात, उत्तर ठोकतात, गुण घेतात, विसरतात. अलंकार म्हणजे कवितेच्या अंगावरचा दागिना, एवढंच मनात राहतं. पण महात्मा फुल्यांनी १८८३ सालच्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये सुरुवातीलाच काय केलंय बघा:

विद्येविना मति गेली; मतीविना नीति गेली;
नीतिविना गति गेली; गतिविना वित्त गेले;
वित्ताविना शूद्र खचले;
इतके अनर्थ एका अविद्येने केले.

जुन्या साहित्यशास्त्रात याला कारणमाला म्हणतात. आधीचं ते पुढच्याचं कारण, ते त्याच्या पुढच्याचं. आता हेच सपाट करून लिहा: ‘अज्ञानामुळे शूद्र दरिद्री झाले.’ सुरुवात आणि शेवट उरला, मधला सगळा रस्ता गेला. नुसता दागिना असता तर काढल्यावर अंग शाबूत राहिलं असतं.

म्हणून ठरवलंय की या सत्रात अलंकार ‘ओळखा’ म्हणायचंच नाही, आपल्या मुद्द्यासाठी वापरा म्हणायचं. त्या मुलीचा मुद्दा खरा होता, त्याला धार नव्हती. सहकारी म्हणतात, “सर, पोरांना पुढारी करताय का?” तुमचं काय मत?

तिरकस_काकू:
सहकाऱ्यांना माझा नमस्कार सांगा.

पंधरा वर्षं वक्तृत्व स्पर्धांना परीक्षक म्हणून बसतेय. “व्यासपीठावरील मान्यवर, गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो” झालं की तिसऱ्या वाक्याला चारोळी येते. पहिली घंटा वाजली की आवाज चढतो, कारण सरांनी लिहून दिलेल्या भाषणात त्या जागी लाल पेनने ‘इथे आवाज वाढव’ असं असतं. एका मुलीच्या हातातला कागद मी स्वतः बघितलाय! भ्रष्टाचाराची कीड, संस्कारांची शिदोरी, काळाची पावलं. विषय पर्यावरण असो की हुंडा, कीड आणि शिदोरी ठरलेली. ही रूपकंच ना? म्हणजे पोरं अलंकार वापरत नाहीत अशी तक्रार करायला जागाच नाही.

प्लेटोच्या एका संवादात सॉक्रेटिस म्हणतो, वैद्य आणि आचारी यांच्यात शहाणा कोण हे लहान मुलांनी ठरवायचं असेल तर वैद्य उपाशी मरेल. तुमच्या वर्गात तेच झालं. आणि तुमचा उपाय काय, तर वैद्याला फोडणी शिकवायची! त्यापेक्षा ऐकणाऱ्या पोरांना शिकवा. साप म्हटल्यावर बाकं का बडवली, हे विचारलंत का त्यांना?

काळा_कोट:
काकू, बिनतोड. पण फोडणी ओळखायची तरी एकदा स्वयंपाकघरात शिरावं लागतंच.

आणि स्वयंपाकघरावरून आठवलं. न्यायदर्शनात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, अनुमानाचे पाच अवयव सांगितलेत: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. डोंगरावर आग आहे; कारण धूर दिसतोय; जिथे धूर तिथे आग, जसं स्वयंपाकघरात; तसाच धूर डोंगरावर आहे; म्हणून तिथे आग आहे. मधली ती चूल म्हणजे दाखला, आणि त्याला युक्तिवादाचा अवयवच मानलंय. काढला तर युक्तिवाद लंगडा.

माझ्या धंद्यातलं सांगतो. बांधाचा दावा होता. मोजणीचा नकाशा आमच्या बाजूने, तरी समोरच्या वकिलांचा एकच हेका: इतकी वर्षं गप्प का बसलात? आमच्या म्हाताऱ्या अशिलानेच उत्तर दिलं, “साहेब, बांध एका रात्रीत सरकला नाही. दर नांगरटीला वीतभर सरकला.” नकाशा कितीही अचूक असो, उशीर का झाला हे त्यात दिसत नव्हतं. त्या वाक्यात दिसलं. म्हातारा शाळेत गेला नव्हता हा मुद्दा काकूंच्या बाजूने धरा हवं तर.

चहा_बिस्कुट:
शिकवाच हो सर. लोकमान्यांनी “सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?” एवढंच विचारलं आणि सरकारने थेट तुरुंगात टाकलं. एका प्रश्नालंकाराची ताकद!

जुनी_कात्रणं:
शीर्षक बरोबर, निष्कर्ष चूक. तो अग्रलेख जुलै १८९७ चा, २२ जूनला पुण्याच्या प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेल्यावर सरकारने सगळ्या पुण्यावर डोळे वटारले त्यावरचा. राजद्रोहाचा खटला चालला तो त्याआधीच्या, १५ जूनच्या केसरीतल्या मजकुरावर: शिवाजी उत्सवातल्या भाषणांचा वृत्तान्त आणि शिवरायांच्या तोंडी घातलेली एक कविता. दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. पण गंमत बघा, प्रश्न इतका चटकदार की सव्वाशे वर्षांनी त्याने खटल्याचं खरं कारणच गिळून टाकलंय. खडूफळा सर, याचीही नोंद घ्या.

चहा_बिस्कुट:
चूक कबूल. हे मी शाळेत ऐकलं होतं. बहुतेक वक्तृत्व स्पर्धेतच.

प्रयोगवही:
मी विज्ञानवाली, तरी नाक खुपसते. सर, कारणमाला शिकवा पण सांभाळून. पोरं साचा पटकन उचलतात. माझ्या वर्गातल्या एका नगाने वहीच्या मागच्या पानावर लिहिलेलं:

मोबाइलने झोप गेली; झोपेविना अभ्यास गेला;
अभ्यासाविना नोकरी गेली; नोकरीविना लग्न गेले.

हसून पुरेवाट झाली. पण मग आम्ही फळ्यावर एकेक कडी ओढून बघितली. झोप गेली, हे घरोघरी दिसतं. झोपेविना अभ्यासाचं नुकसान, हेही पटतं. तिसऱ्या कडीला ‘कदाचित’ जोडावं लागतं आणि चौथीला ‘आमच्या आत्याच्या मते’. घोळ असा की या चालीत ‘कदाचित’ बसतच नाही, ताल मोडतो. म्हणजे जिथे शंका घ्यायची तिथेच ताल आपल्याला पुढे ढकलतो.

मग फुल्यांचं का टिकतं? कारण त्या ओळींच्या मागे अख्खं पुस्तक आहे. सारा, कर्ज, कचेरीतली लुबाडणूक, शेतकऱ्याच्या घरातली दैना, सगळं तपशिलात. ओळी म्हणजे अर्ज, पुस्तक ही सोबत जोडलेली कागदपत्रं. आपण मुलांना नुसते अर्ज लिहायला शिकवतो.

ओवी_ते_शिवी:
प्रयोगवहीताईंना जोडून. याची सोय आपल्याकडे तेराव्या शतकात झालेली आहे. महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींनी निरूपणात दिलेले दृष्टान्त केसोबासांनी ‘दृष्टान्तपाठा’त मांडले, तेव्हा प्रत्येकाला तीन पदर ठेवले: सूत्र, दृष्टान्त, दार्ष्टान्तिक. सूत्र म्हणजे मुद्दा. दृष्टान्त म्हणजे गोष्ट. आणि दार्ष्टान्तिक म्हणजे गोष्टीतलं काय, मुद्द्यात कुठे लागू होतं ते उलगडून सांगणं. आपली पोरं, पुढारी आणि कीर्तनकारही पहिले दोन पदर देतात आणि तिसऱ्याच्या जागी टाळ्या घेतात.

सापवाल्याला तिसरा पदर मागा. विष कुठलं? दूध कोण पाजतं? चावतो कुणाला? उत्तरं आली तर साप राहू दे.

उलटतपासणीही अशीच होते. ‘लहानपण देगा देवा, मुंगी साखरेचा रवा, ऐरावत रत्न थोर, त्यासी अंकुशाचा मार’ हे मुलीला समजावत होतो. मोठेपणासोबत यातना येतात वगैरे. ती म्हणाली, “पण बाबा, मुंगी पायाखाली पण येते ना?” तुकोबांनी माफ करावं, पण प्रतिवाद म्हणतात तो हाच. दृष्टान्त खोटा पाडायचा नाही, तो कुठवर लागतो ते दाखवायचं.

तिरकस_काकू:
दार्ष्टान्तिक मान्य. हा शब्द मी परीक्षकांच्या बैठकीत नक्की वापरणार, दोघे-तिघे गार होतील.

पण माझा मूळ हट्ट सोडत नाही. आमच्या गुणपत्रकात रकाने कुठले? आवाज व उच्चार, हावभाव, भाषासौंदर्य, विषयप्रतिपादन. चारातले तीन आचाऱ्याचे. ‘समोरच्याच्या मुद्द्याला दिलेलं उत्तर’ हा रकाना नाहीच, कारण वक्तृत्वात समोर कुणी नसतंच. आणि वादविवादातही, काळा_कोट साहेब, तुमच्याच न्यायदर्शनात वाद, जल्प आणि वितंडा असे तीन प्रकार आहेत ना? खरं काय ते शोधायला वाद, जिंकायला जल्प, स्वतःची बाजूच न मांडता समोरच्याचं मोडायला वितंडा. शाळेत आदल्या दिवशी चिठ्ठी उचलून बाजू मिळते. चिठ्ठीवर मिळालेल्या बाजूसाठी पोरगं सत्य शोधेल कशाला?

काळा_कोट:
आम्हाला बाजू अशिलाकडून मिळते, हे सोयीस्करपणे विसरलात. :) चिठ्ठीचा एक फायदा असतो, उद्या उलटी चिठ्ठी निघेल म्हणून दोन्ही बाजू वाचाव्या लागतात.

बाकी नमुना द्यायचा तर बाबासाहेबांचं २५ नोव्हेंबर १९४९ चं संविधान सभेतलं भाषण घ्या. २६ जानेवारी १९५० ला आपण विसंगतीच्या जीवनात पाऊल टाकणार, राजकारणात समता आणि सामाजिक, आर्थिक जीवनात विषमता. हा विरोध भाषेपुरता नाही, परिस्थितीतच आहे. आणि लगेच एक व्यक्ती-एक मत, एक मत-एक मूल्य हा तपशील देऊन त्यांनी तो उलगडलाय. ओवी_ते_शिवी म्हणतात तो तिसरा पदर हाच की. पाठांतरवाले मात्र ‘विसंगती’ एवढं उचलतात आणि पुढचं सोडून देतात.

खडूफळा:
सगळ्यांचे आभार, विशेषतः काकूंचे (दात ओठ खात).

काल फळ्यावर तीन रकाने आखले. सूत्र, दृष्टान्त, दार्ष्टान्तिक. सापवाल्याला पुढे बोलावलं. विष: गेम. दूध: बाबांचा रिचार्ज. इथवर ऐटीत होता. ‘चावतो कुणाला?’ यापुढे त्याने ‘मला’ लिहिलं, जरा थांबला, आणि डस्टरने पुसून ‘विद्यार्थ्यांना’ केलं. मी काही बोललो नाही.

एसटीवाल्या मुलीला म्हटलं, तुझाच मुद्दा, एक शब्दही खोटा वाढवायचा नाही, पण ऐकणाऱ्याला दिसला पाहिजे. तिने मधल्या सुट्टीत डबा न खाता चार वेळा खोडून लिहिलं: ‘एसटी कुणासाठी थांबत नाही. आई थांबते. फाट्यावर, अंधार पडेपर्यंत.’ यात अलंकार कुठला ते मला विचारू नका, ओळखायच्या यादीत तो नाही. वर्गात वाचलं तेव्हा बाकं कुणी बडवली नाहीत. पण त्याच वाडीतला एक पोरगा म्हणाला, “सर, माझी आजी थांबते.”

मतं पुन्हा मोजली नाहीत. काकू, तुम्ही म्हणालात तसं मग विचारलं, त्या दिवशी सापाला बाकं का बडवली? बराच वेळ गप्प. शेवटी मागच्या बाकावरून उत्तर आलं, “सर, तो जोरात बोलला ना.”

तिरकस_काकू:
त्या मागच्या बाकावरच्याला यंदा आमच्याकडे परीक्षक म्हणून पाठवा. एसटीचं तिकीट मी काढते.