भाषेला गुण तारतात की कामं? (चर्चा)

फोंड्याचा मास्तर: गोव्यातल्या शाळांत कोडिंग आल्यापासून पालक विचारतात, "सर, पुढं कुठली भाषा चालणार?" माझं ठाम मत आहे की भाषा स्वतःच्या गुणांवर वर येत नाही, तिला कामं वर आणतात. ऑब्जेक्टिव्ह-सी १९८० च्या दशकातली. तिला चांगले दिवस आले ते आयफोनची अ‍ॅप्स तिच्यात लिहिली जात म्हणून, आणि २०१४ मध्ये अ‍ॅपलनं स्विफ्ट ही नवी भाषा आणल्यावर ते ओसरले. रुबी १९९५ ची, पण तिचा बोलबाला झाला २००४ मध्ये रेल्स, म्हणजे तिच्यात वेबसाइट बनवायचा तयार साचा, आल्यावर. मुलांनी भाषेमागं न धावता काम निवडावं.

पर्वरीकर: सर, रुबीचं पटलं, पायथनचं नाही. ती १९९१ पासून आहे. सुरुवातीला तिच्यामागं ना फोन होता, ना बडी कंपनी. प्रोग्रामिंग हा ज्यांचा पेशा नव्हता अशा शास्त्रज्ञांनी ती उचलली, कारण ती सहज वाचता येते. गूगलनं २०१५ मध्ये टेन्सरफ्लो हे मशीन लर्निंगचं साधन सगळ्यांना खुलं केलं, तोवर नमपायला, म्हणजे पायथनमधल्या गणिताच्या लायब्ररीला (तयार कोडच्या संचाला), नऊ वर्षं झाली होती.
आणि पर्ल बघा. वेबच्या पहिल्या काळात सगळीकडे तीच होती, म्हणजे काम भरपूर होतं. तिच्या नव्या आवृत्तीची, पर्ल ६ ची, घोषणा २००० मध्ये झाली, हाती आली २०१५ मध्ये. इतकी वर्षं लोक कशाच्या भरवशावर थांबतील? पायथननंही २००८ मध्ये जुना कोड मोडणारी आवृत्ती काढली, पण जुनीला २०२० पर्यंत सांभाळलं. लोक टिकले ते त्यामुळं.

म्हापशाची ताई: दोघंही नव्या कोडबद्दलच बोलताय. मी बँकेच्या सॉफ्टवेअरवर काम करते. कोबोल १९५९ ची, आजही पैशांचे व्यवहार सांभाळते. २०२० मध्ये न्यू जर्सीच्या गव्हर्नरांना कोबोल जाणणाऱ्यांना जाहीर साद घालावी लागली, कारण बेकारी भत्त्याची यंत्रणा तिच्यावर होती. लोकप्रियतेच्या तक्त्यांत असली कामं दिसत नाहीत. मुलांना हेही सांगा, सर.

फोंड्याचा मास्तर: ताई, सांगतो. पण पर्वरीकर, रुबीही वाचायला सोपीच की! शास्त्रज्ञ तिच्याकडे का गेले नाहीत? गणिताची लायब्ररी पायथनमध्ये तयार होती म्हणून. म्हणजे पुन्हा कामच.

पर्वरीकर: ती लायब्ररी आभाळातून पडली नाही, सर. नमपायच्या आधीचं न्यूमेरिक १९९५ मध्येच सुरू झालं होतं, आणि त्या लोकांची अडचण ऐकून पायथनमध्ये अ‍ॅरेचे (आकड्यांच्या तक्त्याचे) तुकडे पाडायची वेगळी सोय केली गेली. असं ऐकणं हा मी भाषेचाच गुण धरतो.