केप रेइंगाच्या टोकावर डबा उघडावा का?

पायवाट: गेल्या महिन्यात ऑकलंडहून सहा तास गाडी हाकत न्यूझीलंडच्या उत्तर टोकाला, केप रेइंगाला गेलो. दीपगृहापाशी पोचेपर्यंत सगळे भुकेले. आईने धपाट्यांचा डबा काढला, लसणीच्या चटणीचा वास सुटला. शेजारी उभ्या एका माओरी, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांपैकी, आजी हळूच म्हणाल्या, इथे नका खाऊ. आईने काही न विचारता झाकण लावलं. माओरींसाठी ही ते रेरेंगा वाइरुआ, आत्म्यांनी उडी घेण्याची जागा. टोकाशी खडकाला बिलगून पोहुतुकावाचं जुनं झाड आहे. मेलेल्यांचे आत्मे त्याच्या मुळावरून समुद्रात उतरतात आणि पूर्वजांच्या मूळ भूमीकडे, हवाइकीकडे निघतात. तिथे आपण सगळ्यांनीच न खाण्याचं पथ्य पाळावं.

सडेतोड: मला नाही पटत. एक नंबरचा महामार्ग तिथे संपतो, २०१० पासून पार टोकापर्यंत डांबरी आहे. बसा भरून लोक येतात. सरकारी पाटीवरही विनंतीच आहे. लहान पोरांना घेऊन आलेल्यांनी काय करायचं? श्रद्धा ज्याची त्याच्यापाशी.

पायवाट: थोडं मागे आलं की तापोतुपोतूचा किनारा लागतो. आम्ही तिथे वाळूत बसून पोटभर जेवलो.

उत्तरा: सडेतोड, त्यामागचं कारण बघा. जागा ‘तापु’, म्हणजे पवित्र आणि बंधनं पाळायची, आहे, आणि शिजवलेल्या अन्नाने तापु उतरतो असं ते मानतात. म्हणजे आपला एक घास त्यांच्या जागेचं पावित्र्य घालवतो. आपल्याकडे मसणवट्यात कोणी डबा सोडतं का? तिथून आल्यावर अंघोळीआधी आपण पाणीसुद्धा तोंडाला लावत नाही.

सडेतोड: मसणवट्याचं बोललात ते खरं. खाण्याचा हट्ट सोडतो. पण अस्थींचं काय? बाबांच्या अस्थी तिथे सोडायच्या मनात होत्या. टास्मान समुद्र आणि प्रशांत महासागर तिथे भेटतात, वरून लाटा एकमेकींवर येताना दिसतात. संगमच तो! तर तिथल्या न्गाती कुरी या माओरी जमातीचं म्हणणं, अस्थी सोडू नका. हे फार लागलं मला.

उत्तरा: लागणारच. पण ती वाट त्यांच्या पितरांची आहे, त्यांच्या प्रत्येक मेलेल्या माणसाला तिथूनच जायचंय. तिथे आपल्या माणसाची राख आपण न विचारता कशी सोडायची? पाणी तेच, दुसऱ्या किनाऱ्यावरून सोडा.

सडेतोड: डोक्याला पटतंय, मनाला नाही. कलश अजून गॅरेजमधल्या फळीवर आहे.